संगणक दुरुस्तीचे दुकान, गोलाणी मार्केट, जळगाव : मीटर लावल्याशिवाय निदान न सांगणारे

मी अमळनेरला घरूनच खते-बियाण्यांच्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. मे महिन्यातल्या १६ तारखेला सकाळी डेस्कटॉपचे बटण दाबले, तेव्हा आतला पंखा अर्धा फेरा फिरून थांबला आणि त्यानंतर कितीही वेळा बटण दाबले तरी मशीन जागचे हलले नाही. २० तारखेच्या आत पाच दुकानदारांचे जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे दरमहाचे रिटर्न, भरायचे होते, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा त्याच हार्ड डिस्कमध्ये होता आणि शेवटचा बॅकअप मार्चअखेरचा होता.

आधी एका दुसऱ्या दुकानात दाखवले. तिथल्या माणसाने एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली, एसएमपीएसचा पंखा फिरला, आणि त्यावरून त्याने मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य बोर्ड, गेल्याचे सांगितले. या जातीचा बोर्ड आता मिळत नसल्यामुळे प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागेल, असे म्हणून त्याने १४,५०० रुपये सांगितले. मला ते पटले नाही, कारण बोर्डावरचा लहान हिरवा दिवा तेव्हाही लागलेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट जुन्या गोधडीत गुंडाळून सकाळच्या गाडीने जळगावला नेले. गोलाणी मार्केटमधले हे दुकान एका ओळखीच्या शिक्षकांनी सुचवले होते. “काय व्हयनं ताई?” एवढे विचारून कारागिराने कॅबिनेट टेबलावर घेतले, मात्र स्क्रू काढण्याआधी त्याने जे प्रश्न विचारले, ते पहिल्या दुकानात कोणीच विचारले नव्हते. बंद पडण्याआधीच्या आठवड्यात मशीन कसे सुरू होत होते? एकदा बटण दाबून, की दोन-तीनदा? घरात दिवे कमी-जास्त होतात का? मी सांगितले की पंधरा दिवसांपासून सकाळी तीन-चारदा बटण दाबावे लागत होते आणि दुपारी मात्र एकदाच पुरत असे. मशीन गार असताना जास्त त्रास देत असेल, तर एसएमपीएसमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, थकल्याची शंका पहिल्यांदा घ्यावी, असे तो म्हणाला.

पुढची तपासणी त्याने मला शेजारी उभे करून केली, आणि या दुकानाची खरी किंमत मला तिथे कळली. प्लग लावून, मशीन बंद असतानाच, त्याने जांभळ्या वायरीवर मीटर धरले तेव्हा ५.०३ व्होल्ट आले. बोर्डावरचा दिवा याच विजेवर लागतो, त्यामुळे तो लागला म्हणून एसएमपीएस धड आहे असे ठरत नाही, आणि बोर्ड मेला असेही ठरत नाही. मग त्यानेही हिरवी-काळी वायर जोडली आणि पंखा फिरला. पिवळ्या वायरीवर ११.८ व्होल्ट दिसले. यानंतर त्याने खणातून मोटारसायकलचा १२ व्होल्टचा दिवा काढला आणि पिवळ्या-काळ्या वायरींना जोडला. दिवा पिवळसर, मंद पेटला आणि मीटरवरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर १०.४ वर घसरला. या वायरीवर ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे ११.४० च्या खाली आकडा जाता कामा नये. रिकाम्या एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवणे आणि त्याच्यावर भार टाकून पाहणे, या दोन गोष्टींतला फरक लक्षात न घेतल्यामुळे पहिल्या दुकानाचे निदान चुकले होते.

त्याने एसएमपीएसची पेटी उघडून आतले दोन फुगलेले कपॅसिटरही दाखवले. त्यांची सपाट असायला हवी ती टोपी घुमटासारखी वर आली होती. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज राहू शकते, त्यामुळे घरी ही पेटी कोणीही उघडू नये, असे त्याने दोनदा बजावले. खानदेशातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, त्यात कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलेले आणि पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर. कपॅसिटरमधला द्रव अशा उष्णतेने लवकर सुकतो. माझ्या टेबलाचे वर्णन ऐकून त्याने हे सांगितले, आणि ते बरोबर होते.

दुकानातला चांगला एसएमपीएस लावल्यावर पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. माझे काळीज हलले. त्याने रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने घासल्या, खोडरबरावर काळी रेघ उठली, आणि रॅम पुन्हा घट्ट बसवताच पडद्यावर अक्षरे आली. त्यात तारीख कितीतरी वर्षे मागची दिसत होती. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची असते, तिच्यात २.५ उरले होते. तारीख चुकीची राहिली असती, तर सुरक्षा प्रमाणपत्राच्या अडचणीने जीएसटीचे पोर्टल उघडले नसते आणि मी इंटरनेटला दोष देत बसले असते.

एकूण बिल २,३४० रुपये झाले : नवा एसएमपीएस १,९५०, बॅटरी ४०, तपासणी आणि मजुरी ३५०. हार्ड डिस्कला हात लागला नाही. दुरुस्ती न करता मशीन परत नेले असते, तरी तपासणीचे २०० रुपये द्यावे लागले असते, आणि हे त्याने सुरुवातीलाच सांगितले होते. मला हा नियम योग्य वाटतो, कारण फुकट तपासणारा आपले पैसे शेवटी सुट्या भागांतूनच वसूल करतो.

घरच्या अर्थिंगबद्दलची सूचना त्याने वेगळे पैसे न घेता दिली. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडते आणि अर्थिंग कमकुवत होते. अमळनेरला आल्यावर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घेतला, तो १९ व्होल्ट निघाला. खड्ड्यात आठवडाभर पाणी घातल्यावर ३ वर आला.

उणिवा दोन आहेत. दुकानात बसायला जागा नाही, मी जवळजवळ दोन तास उभी होते. आणि बिलावर एसएमपीएसचा सिरियल नंबर आपणहून लिहिला जात नाही. वॉरंटीसाठी तो लागतो, म्हणून मी मागून लिहून घेतला, तुम्हीही घ्यावा. पाचही रिटर्न १९ तारखेच्या रात्री भरून झाले.