पूरपट्ट्यातलं घर: भराव की खांब?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची खूण ४५ ची. तेव्हापासून नदीकडच्या प्लॉटवर पहिला प्रश्न हाच: मुरूम टाकून जोतं चढवायचं, की घर खांबांवर उचलायचं?

भराव स्वस्त वाटतो, आणि म्हातारी माणसं असतील तर चार-पाच पायऱ्यांत भागतं. पण खाली काळी माती: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पंजा जाईल एवढ्या भेगा. मुरूम थराथरानं पाणी मारून, रोलर फिरवून दाबला नाही तर फरशी खचते, भिंतींना तिरक्या चिरा जातात. शिवाय अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात, म्हणजे भांडण ठरलेलं.

खांबांखालून पाणी निघून जातं; एरवी तिथे गाडी, हळदीची पोती. अडचण जिन्याची. आजींसाठी रॅम्प करायचा तर दहा फूट उंचीला १:१२ च्या उतारानं १२० फूट लांबी. गुंठाभर जागेत तो बसवणार कुठे? लिफ्ट परवडली तरी तिचा खड्डा पुरात भरतो, मोटर वरच हवी.

तरीही कमरेएवढं पाणी आलेल्या गल्लीत मी खांबच घेईन. घोट्यापर्यंतच आलं असेल तिथे भराव पुरे. विजेचा मीटर मात्र दोन्हीकडे उंचावर लावा.