पडत्या बाजारात कोणता शेअर काढायचा, कोणता घ्यायचा: जोड्या लावून तुलना

बाजार २०-२५ टक्के उतरला की हातातल्या यादीकडे पाहून दोन प्रश्न पडतात: यातलं काय काढून टाकावं आणि आलेल्या पैशांत काय घ्यावं? बरेच जण दोन्हींचं उत्तर एकाच आकड्यात शोधतात, ते म्हणजे शेअर उच्चांकापासून किती टक्के पडला. जास्त पडला तो स्वस्त, कमी पडला तो अजून महाग. निर्णयाला हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. ९० टक्के पडलेला शेअर म्हणजे आधी ८० टक्के पडलेला आणि तिथून पुन्हा निम्मा झालेला. ८० टक्क्यांवर ‘आता आणखी किती पडणार’ म्हणून घेणाऱ्याचे अर्धे पैसे तेवढ्यातच गेले.

म्हणून इथे शेअर एकेकटे न तपासता जोडीने समोर ठेवले आहेत. हातात तेवढीच रक्कम असेल, तर ती या दोघांपैकी कोणात असावी, एवढंच ठरवायचं.

जास्त पडलेला कर्जबाजारी की कमी पडलेला मजबूत?

सर्वांत महाग पडणाऱ्या चुका इथे होतात, म्हणून आकडे मांडूनच पाहू. दोन्ही कंपन्या काल्पनिक आहेत, रकमा कोटींत आणि कर २५ टक्के धरला आहे.

| | कंपनी क | कंपनी ख |
|---|---|---|
| उच्चांकापासून घसरण | ५५ टक्के | २० टक्के |
| व्याजापूर्वीचा नफा | ९०० | ९०० |
| वर्षाचं व्याज | ५०० | ५० |
| करोत्तर नफा | ३०० | ६३७.५ |
| बाजारमूल्य | १,५०० | १०,२०० |
| पीई (बाजारमूल्य भागिले करोत्तर नफा) | ५ | १६ |

पीई ५ विरुद्ध १६ पाहिल्यावर हात आपोआप ‘क’कडे जातो. पण हा पीई मागच्या, म्हणजे तेजीतल्या वर्षाच्या नफ्यावर काढलेला आहे. मंदीत ‘क’चा व्याजापूर्वीचा नफा ३० टक्के घटला तर तो ६३० होतो. व्याज मात्र ५०० चं ५०० च राहतं. उरतात १३०, कर गेल्यावर ९७.५. म्हणजे आजच्या भावाला खरा पीई १५ च्या वर. ‘ख’चा धंदा संथ आहे, तिचा नफा १० टक्के घटला असं धरलं तर करोत्तर ५७० उरतात आणि पीई होतो १८ च्या आसपास. पाच आणि सोळामधलं अंतर पंधरा आणि अठरावर आलं. ‘क’चा नफा ३० ऐवजी ४५ टक्के घटला तर ती सरळ तोट्यात जाते, ‘ख’ला तेवढ्याच धक्क्यानंतरही व्याज सहज भागवता येतं.

तोट्याचं एखादं वर्ष कंपनी सोसू शकते. प्राण जातो तो कर्जाची मुदत भरते तेव्हा. ‘क’वर १० टक्के दराने ५,००० कोटींचं कर्ज आहे आणि त्यातले ७५० कोटी येत्या वर्षात फेडायचे आहेत असं समजा. मंदीत बँका नवं कर्ज देताना हात आखडतात, त्यामुळे कंपनीला नवे शेअर विकावे लागतात आणि तेही पडत्या भावात. ‘क’चे १०० कोटी शेअर आहेत, भाव १५ आहे, उच्चांक ३३ होता. ती १० च्या भावाने ७५ कोटी नवे शेअर काढते. आता एकूण शेअर १७५ कोटी. पुढे मंदी सरली, नफा पुन्हा पहिल्यासारखा ९०० झाला, व्याजही ४२५ वर आलं, तरी करोत्तर ३५६ कोटी आता १७५ कोटी शेअरांत वाटले जातात: शेअरमागे २.०४. पूर्वी तो ३ होता. त्यामुळे जुन्याच ११ च्या पीईने भाव २२ पर्यंत येतो, ३३ ला नाही. धंदा पूर्ण सावरला, पण जुना भागधारक सावरला नाही.

सिटीग्रुप या अमेरिकी बँकेच्या बाबतीत २००९ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. साडेपाच अब्जांच्या आसपास असलेले शेअर वर्षभरात २८ अब्जांवर गेले आणि २०११ मध्ये दहा शेअरांचा एक करावा लागला. ‘जुना भाव परत येईल’ म्हणून वाट पाहणाऱ्यांनी हा भाजक, म्हणजे वाढलेली शेअरसंख्या, लक्षातच घेतला नव्हता.

तपासायचं काय? वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये कर्जफेडीचा तक्ता असतो. पुढच्या २४ महिन्यांत किती परतफेड आहे ते तिथून घ्या. त्याच्यासमोर हातातली रोख आणि मंजूर होऊन न उचललेली कर्जमर्यादा ठेवा. परतफेड मोठी निघाली आणि व्याजापूर्वीचा नफा व्याजाच्या दुपटीपेक्षा कमी असला, तर भाव कितीही पडलेला दिसो, तो शेअर विकायच्या यादीत. कर्ज परकीय चलनात आहे का, व्याजदर बदलता आहे का आणि प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवले आहेत का, हेही पाहा. गहाण शेअर असतील तर भाव एका पातळीखाली गेला की सावकार ते विकतो, त्याने भाव आणखी पडतो आणि पुढची पातळीही तुटते.

‘क’सारखी कंपनी कधीच घेऊ नये असं नाही. जिची रोख तिच्या मंदीपेक्षा जास्त दिवस पुरते, ती घेता येते. ॲमेझॉनचा शेअर इंटरनेट कंपन्यांचा डॉटकॉम फुगा २००० मध्ये फुटल्यानंतर ९० टक्क्यांहून जास्त पडला आणि कंपनी तोट्यातही होती. पण फेब्रुवारी २००० मध्ये, बाजार फुटायच्या महिनाभर आधी, तिने ६९ कोटी युरोचे परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) रोखे विकून पैसा उभा केला होता. तो नसता तर पुढची दोन वर्षं कशी निघाली असती, हा प्रश्नच आहे.

बँकांना ही सगळी पट्टी लावू नका, कर्ज घेणं हाच त्यांचा धंदा. तिथे भांडवल पर्याप्तता (दिलेल्या कर्जांच्या जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल किती), थकीत कर्जं आणि ठेवी किती चंचल आहेत हे पाहायचं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायचा प्रयत्न केला. अशा वेळी पीई पाहून काहीच कळत नाही.

उत्तम कंपनी चढ्या भावात की साधी कंपनी उतरलेल्या भावात?

मजबूत ताळेबंद म्हणजे शेअर घ्यायचा परवाना नव्हे. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोचा शेअर २००० च्या मार्चमध्ये ८० डॉलरच्या आसपास होता, ऑक्टोबर २००२ मध्ये दहाच्या खाली आला. कंपनीकडे रोख होती, धंदा होता आणि पुढच्या वर्षांत नफाही कितीतरी वाढला. तरी वीस वर्षं उलटून गेली तेव्हाही भाव जुन्या शिखराला पोचला नव्हता, कारण शिखरावरचा पीई शंभराच्या वर होता. म्हणून ४० टक्के पडून पीई १२० वरून ७२ वर आलेला शेअर ‘सवलतीत’ समजू नये. पीई २२ वरून १५ वर आलेली, दरवर्षी आठ-दहा टक्क्यांनी वाढणारी कंटाळवाणी कंपनी तेवढ्याच पैशांत जास्त कमावता नफा देते. या जोडीत माझा कल जवळजवळ नेहमी कंटाळवाण्या कंपनीकडे असतो.

चक्री धंदा की संथ धंदा?

पोलाद, सिमेंट, जहाजवाहतूक, रसायनं, वाहनं हे चक्री धंदे, म्हणजे तेजी-मंदीबरोबर ज्यांचा नफा जोरात वर-खाली होतो असे. यांचा पीई उलटा वाचायचा असतो. नफा शिखरावर असताना पीई ४-५ दिसतो आणि तीच विकायची वेळ असते. तळाशी नफा आटतो, पीई ४० होतो किंवा निघतच नाही, आणि घ्यायची वेळ तेव्हाच येते. त्यामुळे इथे मागच्या एका वर्षाचा नफा न धरता सात ते दहा वर्षांची सरासरी घ्या आणि पुस्तकी मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) किती पट भाव आहे ते कंपनीच्याच जुन्या मंद्यांशी ताडून पाहा. गोदामातला साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल तर तळ अजून आलेला नाही. साठा उतरायला लागला, एक-दोन कमकुवत प्रतिस्पर्ध्यांनी कारखाने बंद केले, की मग विचार करावा.

संथ धंद्यात, म्हणजे औषधं, रोजच्या वापराच्या वस्तू, वीज वितरण वगैरेंत, सापळा असतो लाभांशाचा. भाव निम्मा झाला की ५ टक्क्यांचा लाभांश आपोआप १० टक्के दिसतो. तो टिकेल का हे पाहायला कामकाजातून आलेल्या रोखीतून यंत्रसामग्रीवरचा खर्च वजा करा. उरलेल्या रकमेपेक्षा लाभांश मोठा असेल तर कपात ठरलेली. जनरल इलेक्ट्रिकने तिमाही लाभांश २०१७ च्या शेवटी २४ सेंटवरून १२ केला आणि २०१८ मध्ये थेट १ सेंट.

फायद्यातला विकावा की तोट्यातला?

पैसे लागले की माणूस फायद्यातला शेअर विकतो. तोट्यातला विकणं म्हणजे चूक कबूल करणं वाटतं. अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी एका ब्रोकरकडची १०,००० खाती तपासून १९९८ मध्ये दाखवलं की विकलेले फायद्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले.

खरेदीभाव झाकून यादी पाहणं हा यावरचा उपाय. प्रत्येक शेअरसमोर एवढंच लिहा: आज हातात रोख असती तर आजच्या भावाने हा घेतला असता का? ‘नाही’ आलेले आधी विकायचे, मग ते फायद्यात असोत की तोट्यात. खरेदीभाव फक्त करापुरता उघडायचा. तोटा नफ्यातून वजा करायची सोय अनेक देशांत आहे, पण काही ठिकाणी विकलेलाच शेअर ठराविक दिवसांत परत घेतला तर ती मिळत नाही. अमेरिकेत ही मुदत ३० दिवसांची आहे.

ॲव्हरेज करावं की बदलावं?

१०० ला घेतलेले १०० शेअर ५० वर आले, आणखी १०० घेतले, सरासरी ७५ झाली. आता १०० टक्क्यांऐवजी ५० टक्के वाढ पुरते, म्हणून बरं वाटतं. पण ७५ हा आकडा फक्त तुमच्या खात्यात आहे, कंपनीला तो माहीत नाही. खरं काय बदललं? एका कंपनीवर लावलेली रक्कम १०,००० वरून १५,००० झाली. ते ५,००० दुसऱ्या कंपनीत जास्त चांगले गेले असते का, एवढाच मुद्दा आहे.

ॲव्हरेज करायचंच तर तीन अटी: घसरणीनंतरचा किमान एक तिमाही निकाल वाचलेला असावा; शेअर साधारण आपल्या क्षेत्राइतकाच पडलेला असावा, एकटाच नव्हे; आणि त्या कंपनीत घातलेली रक्कम एकूण भांडवलाच्या ५-६ टक्क्यांवर जाऊ नये. बाजार १५ टक्के, क्षेत्र २० आणि हा एकटा ४५ टक्के पडला असेल तर कोणाला तरी काहीतरी कळलेलं आहे. उलट, बातमी नसताना बाजाराबरोबर चांगला शेअर पडला तर बऱ्याचदा कारण साधं असतं: कर्ज काढून खेळणाऱ्यांना पैसे भरायचे असतात आणि जे चटकन विकलं जातं ते ते विकतात. घ्यायला अशी घसरण बरी.

एकरकमी की हप्त्यांनी, आणि हप्ते कशावर?

एकरकमीसाठी तळ ओळखावा लागतो, म्हणून तो पर्याय बाजूलाच ठेवू. हप्ते घसरणीच्या पातळीवर (बाजार अमुक टक्के पडला की) लावायचे की महिन्यांवर, यात मात्र खरा फरक आहे. २०२० मध्ये अमेरिकेचा एस ॲण्ड पी ५०० निर्देशांक १९ फेब्रुवारी ते २३ मार्च एवढ्यात ३४ टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये नव्या उच्चांकावर होता. महिन्यामहिन्याला घेणाऱ्याचे बरेचसे हप्ते चढत्या भावात गेले. १५, २५ आणि ३५ टक्क्यांच्या पातळ्या लावणाऱ्याचा तिसरा हप्ता तर वापरलाच गेला नाही. याउलट २००७-०९ ची घसरण १७ महिने चालली आणि ५७ टक्क्यांवर थांबली. जुलै २००८ मध्ये २० टक्के घसरण पाहून सहा मासिक हप्ते सुरू करणाऱ्याचे पैसे डिसेंबरमध्ये संपले, तळ आला मार्चमध्ये.

दोन्ही प्रकारच्या घसरणींत पूर्ण बरोबर ठरणारी पद्धत नाही. निम्मी रक्कम पातळ्यांवर आणि निम्मी आठ-दहा महिन्यांत विभागली तर दोन्हीकडे मध्यम चूक होते, आणि तेवढी परवडते.

ऑर्डर टाकताना

पडत्या बाजारात पहिली १५-२० मिनिटं मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची ऑर्डर) टाकू नका. खरेदी-विक्रीच्या भावांत मोठी दरी असते. २४ ऑगस्ट २०१५ ला अमेरिकेत बाजार उघडताच कित्येक ईटीएफ (बाजारात शेअरसारखे विकले जाणारे फंड) आतल्या शेअरांच्या मूल्यापेक्षा बरेच खाली व्यवहारात आले, आणि ज्यांचे स्टॉप-लॉस (ठरावीक भावाला उतरल्यास आपोआप विकण्याची ऑर्डर) लागले होते त्यांचा माल त्याच भावांत गेला. स्टॉप-लॉस लागला की पुढचा मिळेल तो भाव. ठरवलेला भाव मिळेलच याची हमी त्यात नाही. ताळेबंद पाहून धरलेल्या शेअरला तो लावूच नये, उधारीवर घेतलेल्याला मात्र लावावा.

शेअर बदलायचा असेल तर आधी विक्रीची लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाखाली न विकणारी) टाका, ती पूर्ण झाली की मगच खरेदी. उलटं केलं आणि विकायचा शेअर खालच्या सर्किटला, म्हणजे दिवसभरातल्या घसरणीच्या मर्यादेला, अडकून घेणाराच उरला नाही, की खरेदीचे पैसे चुकते करण्यासाठी यादीतला सर्वांत चांगला शेअर विकावा लागतो.