साडेआठ, बारा की सोळा? ब्रॉडगेज टर्नआउटची निवड

यार्डाचा नवा आराखडा असो वा जुन्या लूपची (मुख्य मार्गाला दोन्ही टोकांना जोडलेल्या बाजूच्या मार्गाची) सुधारणा, भारतीय रेल्वेच्या १६७६ मि.मी. गेजवर टर्नआउटची, म्हणजे एका मार्गातून दुसरा फोडणाऱ्या जोडणीची, निवड बहुधा तीन क्रॉसिंगांपुरतीच (क्रॉसिंग म्हणजे जिथे एका मार्गाचा रूळ दुसऱ्याच्या रुळाला छेदतो तो भाग) उरते: १:८.५, १:१२ आणि १:१६, म्हणजे दर साडेआठ, बारा वा सोळा मीटरला एक मीटर बाजूला सरकणारे. वक्र स्विच (गाडीला वळवणारा हलता भाग) धरले तर त्यांच्या लीड कर्व्हची (स्विचपासून क्रॉसिंगपर्यंतच्या वक्राची) त्रिज्या अनुक्रमे सुमारे २३२, ४४१ आणि ८२४ मीटर असते, आणि वळणाच्या बाजूने साधारणपणे ताशी १५, ३० आणि ५० कि.मी. वेग मिळतो. केवळ त्रिज्या पाहून कँटची (वळणावर बाहेरच्या रुळाला दिलेल्या जादा उंचीची) ७५ मि.मी. तूट मान्य केली, तर हिशेबाने ३६, ४९ आणि ६७ कि.मी. वेग निघतो. प्रत्यक्ष मर्यादा त्याहून बरीच खाली आहे, कारण टर्नआउटमध्ये कँट नसतो, हळूहळू तीक्ष्ण होत जाणारा संक्रमण वक्र नसतो आणि टंग रेलच्या (स्विचच्या हलत्या रुळाच्या) टोकाशी गाडीला एकदम दिशा बदलावी लागते.

जागेच्या बाबतीत साडेआठचे पारडे जड आहे. त्याची एकूण लांबी २८ ते २९ मीटर, तर बाराची सुमारे ४० मीटर. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे दोन समांतर मार्ग जोडणाऱ्या टर्नआउटच्या जोडीत, हा फरक आणखी वाढतो. दोन मार्गांच्या मध्यांतील अंतर ५.३ मीटर असेल, तर दोन्ही टर्नआउटच्या छेदबिंदूंमध्ये रुळाच्या दिशेने साडेआठला ४५, बाराला ६४ आणि सोळाला ८५ मीटर लागतात. लांबी आधीच बेताची असलेल्या स्टेशनात ही वाढ लूपच्या उपयुक्त लांबीतून जाते.

वेळेचा हिशेब मात्र उलट बाजूने बोलतो. ७०० मीटर लांबीची मालगाडी टर्नआउटवरून पूर्ण जायला ताशी १५ कि.मी. वेगाने १६८ सेकंद घेते, ३० कि.मी. वेगाने ८४ आणि ५० कि.मी. वेगाने सुमारे ५०. म्हणजे साडेआठवरून बारावर गेल्याने जेवढे मिळते, त्याच्या निम्म्याहूनही कमी बारावरून सोळावर गेल्याने मिळते. शिवाय लूपमध्ये शिरणाऱ्या गाडीला पुढे थांबायचेच असल्याने ५० चा वेग तिथे कागदावरच राहण्याची शक्यता अधिक. दोन मार्ग जिथे फुटतात आणि गाड्या न थांबता वळतात, अशा जंक्शनवर सोळाचा खर्च सार्थकी लागतो.

निर्णय खरोखर फिरवणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि आराखड्यावर ती बऱ्याचदा उशिरा लक्षात येते: मुख्य मार्ग सरळ आहे की वक्र. प्रवासी गाड्यांच्या मार्गावर लीड कर्व्ह ३५० मीटरपेक्षा तीक्ष्ण नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. वक्राच्या आतल्या बाजूने टर्नआउट काढला, की दोन्ही वक्रता एकत्र येतात. १००० मीटर त्रिज्येच्या वक्रावर बाराची परिणामी त्रिज्या ३०६ मीटरवर येते आणि तो नियमात बसत नाही. २००० मीटरच्या वक्रावर ती ३६१ राहते आणि जेमतेम निभावते. सोळाला मात्र १००० मीटरच्या वक्रावरही ४५२ मीटर मिळतात. म्हणून अशा ठिकाणी वेगाची गरज नसतानाही सोळा घ्यावा, किंवा टर्नआउटची जागाच सरळ भागात हलवावी. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

साडेआठला सरसकट बाद ठरवू नये. साइडिंग, माल यार्ड आणि गाडीच्या सामान्य दिशेला ट्रेलिंग पडणारे (गाडी क्रॉसिंगकडून स्विचकडे जाते असे) आपत्कालीन क्रॉसओव्हर यांच्यासाठी तो योग्यच आहे. त्याचाच सममित प्रकार, ज्यात दोन्ही फाटे सारखेच वळतात, त्रिज्या जवळपास दुप्पट झाल्याने ३० कि.मी. वेग देतो, मात्र त्यात सरळ मार्ग उरत नाही.

देखभालीच्या बाजूने क्रॉसिंग जितके चपटे, तितकी त्याच्या घशापासून (दोन रूळ सर्वांत जवळ येतात तिथपासून) नोजपर्यंतची (क्रॉसिंगच्या टोकापर्यंतची) आधार नसलेली फट लांब. घशाची रुंदी सुमारे ४४ मि.मी. धरली तर सैद्धांतिक टोकापर्यंत साडेआठला ३७४, बाराला ५२८ आणि सोळाला ७०४ मि.मी. अंतर पडते, आणि नोज बोथट केलेले असल्याने प्रत्यक्षात ते आणखी वाढते. तेवढ्या अंतरात चाकाला योग्य बाजूला ठेवण्याचे काम समोरच्या चेक रेलचे (पलीकडच्या रुळालगत आतून बसवलेल्या जादा रुळाचे) असते. म्हणून सोळा निवडणाऱ्याने चेक रेलचे अंतर वेळोवेळी मोजण्याची आणि झीज भरून काढण्याची व्यवस्था आधीच पाहून ठेवावी.