मोठे टायर लावलेल्या पिकअपचा एक्सल रेशो: ३.७३ ठेवावा, ४.१० घ्यावा की ४.५६?

पिकअपला कंपनीने दिलेले ३१ इंची टायर काढून ३५ इंची टायर चढवले, की एक्सलला कोणी हातही न लावता त्याचा रेशो व्यवहारात बदललेला असतो. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरासाठी इंजिनाच्या वाट्याला कमी फेरे येतात आणि प्रत्येक फेऱ्याला जास्त जोर लावावा लागतो. ३.७३ रेशोची गाडी या बदलानंतर ३.३० रेशोच्या गाडीसारखी वागू लागते. हा आकडा ३.७३ ला ३१ ने गुणून ३५ ने भागल्यावर मिळतो. चढावर गाडी ओढत नाही, टॉप गिअर टिकत नाही, सिग्नलवरून सुटताना ती जड वाटते. या तक्रारींचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो.

आधी एक शब्दांचा घोटाळा दूर केलेला बरा. ३.७३ म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जोर नेणारा दांडा) ३.७३ वेळा फिरतो. आकडा मोठा झाला की ओढ वाढते आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरे वाढतात. तरीही वर्कशॉपच्या भाषेत मोठ्या आकड्याच्या रेशोला ‘खालचा गिअर’ म्हणतात. मेकॅनिकशी बोलताना ‘वरचा-खालचा’ असे न म्हणता थेट आकडा सांगावा, म्हणजे चुकीची क्राऊन-पिनियन (एक्सलमधली, रेशो ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) मागवली जात नाही.

पुढील तक्त्यात टॉप गिअर ०.७० चा (इंजिनाच्या ०.७० फेऱ्यांत प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा) धरला आहे, वेग ताशी १०० किलोमीटर आहे आणि टायरचा छापील व्यास घेतला आहे.

| टायर | एक्सल रेशो | इंजिनाचे फेरे (प्रति मिनिट, सुमारे) |
|---|---|---|
| ३१ इंच | ३.७३ | १७६० |
| ३५ इंच | ३.७३ | १५६० |
| ३५ इंच | ४.१० | १७१० |
| ३५ इंच | ४.५६ | १९०० |
| ३५ इंच | ४.८८ | २०४० |

छापील व्यासावर फार विसंबू नये, कारण गाडीच्या वजनाखाली टायर दबतो आणि प्रत्यक्ष फेरा थोडा लहान भरतो. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी, गाडी बरोबर एक फेरा पुढे ढकलावी, जमिनीवरचे अंतर मोजावे आणि त्याला ३.१४ ने भागावे. आपल्या गाडीच्या हिशेबासाठी तोच व्यास खरा. नेहमी सामान भरून गाडी चालत असेल तर हे मोजमाप भरलेल्या गाडीचेच घ्यावे.

रेशो तसाच ठेवला तर

हा पर्याय अनेक जण आळशीपणाचा मानतात, पण तो तसा नाही. ३१ वरून ३३ इंचांवर गेलेल्या आणि बहुतेक काळ सपाट रस्त्यावर रिकाम्या धावणाऱ्या गाडीसाठी मी हाच पर्याय सुचवेन. तिथे मूळ वागणूक परत आणण्यासाठी लागणारा रेशो ३.९७ निघतो, म्हणजे फरक साडेसहा टक्क्यांच्या आत आहे आणि तेवढ्यासाठी दोन्ही एक्सल उघडणे मला पटत नाही. मात्र गाडीच्या कॉम्प्युटरला नवा टायर सांगणे या पर्यायातही टळत नाही. ३५ इंची टायरवर स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी ११३ किलोमीटरने धावत असते, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर कधी बदलायचा हे याच चुकीच्या आकड्यावरून ठरवत असतो. ॲव्हरेज घसरल्याच्या तक्रारीचाही एक भाग इथेच सुटतो, कारण मीटरवर १०० किलोमीटर पडले तेव्हा गाडी ११३ चाललेली असते. मीटर दुरुस्त न करता काढलेले ॲव्हरेज खऱ्यापेक्षा सुमारे ११ टक्के कमी दिसते. मोठा टायर जड असतो, हवेलाही जास्त अडतो, त्यामुळे खरी घटही होतेच. पण ती किती, हे मीटर दुरुस्त केल्यावरच कळते.

४.१० की ४.५६

३५ इंची टायरवर मूळ वागणूक तंतोतंत परत आणणारा रेशो ४.२१ आहे. काही एक्सलसाठी ४.३० मिळतो, जिथे तो मिळत नाही, तिथे एका बाजूला ४.१० आणि दुसऱ्या बाजूला ४.५६ उरतो. कागदावर ४.१० जास्त जवळचा आहे, म्हणून पुष्कळ जण तो घेतात आणि नंतर काम अर्धवट झाल्यासारखे वाटते. याचे कारण असे की ४.२१ हा हिशेब केवळ व्यासाचा आहे. जड टायर फिरवायला आणि थांबवायला लागणारी ताकद, मोठ्या टायरसाठी गाडीची उंची वाढवल्यामुळे वाढलेला हवेचा विरोध आणि बहुतेक वेळा सोबत आलेले बंपर, विंच, कॅरिअर यांचे वजन या आकड्यात कुठेच धरलेले नाही. म्हणून चार किंवा पाच गिअरची जुनी गाडी, ट्रेलर ओढण्याचे काम किंवा सततचे चढ यांपैकी काहीही असेल तर मी ४.५६ कडे झुकेन. तक्त्यातले १९०० फेरे मूळ १७६० पेक्षा फार जास्त नाहीत, आणि टॉप गिअर टिकला तर गिअरबॉक्सची सततची ये-जा थांबून त्याचे तेलही कमी तापते.

४.१० ला त्याची जागा नाही असे मात्र नाही. लांबच्या महामार्गावर मोकळी धावणारी गाडी, खालच्या फेऱ्यांना भरपूर टॉर्क देणारे डिझेल इंजिन किंवा ३३ इंची टायर, या तिन्ही ठिकाणी तो नेमका बसतो. ३५ इंचांवर ४.८८ घेणे मला टोकाचे वाटते. खडकाळ वाटांवर संथ चालणे हेच गाडीचे मुख्य काम असेल तरच ते समर्थनीय आहे.

मोठ्या आकड्याची किंमत दातांमध्येही मोजावी लागते. बऱ्याच एक्सलमध्ये ३.७३ म्हणजे ११ दातांच्या पिनियनवर ४१ दातांचा क्राऊन, ४.१० म्हणजे १० वर ४१, ४.५६ म्हणजे ९ वर ४१ आणि ४.८८ म्हणजे ८ वर ३९. क्राऊन त्याच घरात बसवायचा असल्यामुळे आकडा वाढला की पिनियनचे डोके लहान होत जाते आणि एका वेळी भार पेलणारे दातही कमी होतात. ४.५६ पर्यंत मजबूत एक्सलमध्ये ही काळजीची बाब नसते. लहान एक्सलमध्ये त्यापुढे जाताना विचार करावा. (४१ ही मूळ, म्हणजे अविभाज्य, संख्या असल्याने पिनियनचा प्रत्येक दात हळूहळू क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते, आकडे असे विचित्र का, याचे उत्तर त्यात आहे.) दुसरीकडे प्रोपेलर शाफ्टवरचा जोर कमी होतो, पण त्याचे फेरे वाढतात. ३५ इंची टायर आणि ४.५६ या जोडीत ते मूळपेक्षा सुमारे आठ टक्के जास्त असतात, म्हणून लांब एकसंध शाफ्टच्या गाडीत त्याचा तोल आणि जॉइंट आधी तपासून घ्यावेत.

निर्णय खरा फिरतो तो गिअरबॉक्सवर

टायर आणि रेशो यांचेच तक्ते सगळे पाहतात. गिअरबॉक्सकडे पाहणारे थोडे, आणि माझ्या मते निम्मे चुकीचे निर्णय त्यातून होतात. जनरल मोटर्सचा चार गिअरचा ४एल६०-ई घ्या. त्याचा पहिला गिअर ३.०६ चा आणि टॉप ०.७० चा आहे. ३.७३ एक्सलबरोबर पहिल्या गिअरमधली एकूण घट (गिअर गुणिले एक्सल रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे फेरे) ११.४ होते, आणि ३५ इंची टायर लावल्यावर ती १०.१ सारखी वाटते. आधीच कमी ओढीचा असलेला पहिला गिअर आणखी कमी ओढीचा होतो, शिवाय दुसऱ्या गिअरचा १.६३ आणि तिसऱ्याचा १.०० असल्याने मधल्या उड्याही मोठ्या. चढावर तिसऱ्यात इंजिन ओरडते आणि चौथ्यात दम सोडते, मधला पर्याय नाही. अशा गाडीत ४.५६ ने पहिल्या गिअरची परिणामी घट १२.४ वर जाते आणि गाडी मूळपेक्षाही हलकी सुटते. तिथे रेशो बदलणे ही चैन नाही.

आता फोर्डचा दहा गिअरचा १०आर८० पाहा. पहिला गिअर ४.७० चा, टॉप ०.६४ चा. त्याच ३.७३ एक्सलवर आणि ३५ इंची टायरवर परिणामी घट १५.५ राहते, म्हणजे चार गिअरच्या गाडीला ४.८८ लावूनही जेवढी मिळत नाही त्याहून जास्त. गाडी सुटताना अडखळत नाही, आणि टॉप गिअर चढावर टिकला नाही तर एक घर खाली ०.६९ तयार असतो. अशी गाडी मोकळी चालत असेल तर कॉम्प्युटरची दुरुस्ती करून काही महिने चालवून पाहावी, कोणत्या वेगाला ती कोणत्या गिअरमध्ये राहते हे नोंदवावे आणि मगच एक्सल उघडण्याचा विचार करावा. जड ट्रेलर नेहमीचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे शेवटचे दोन गिअर कायमचे निरुपयोगी होतात आणि रेशो बदलल्याने ते परत वापरात येतात.

ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या आणि मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) जास्त घटीचा लो रेंज (संथ चालण्यासाठीचा वेगळा टप्पा) बसवणे हा उपाय काही जण सुचवतात. तो खडकांवर उत्तम आहे, पण रोजच्या हाय रेंजच्या गाडीला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

कामाचा आवाका

चारचाकी ड्राइव्ह असलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा रेशो जुळलाच पाहिजे. फोर्डच्या काही पिकअपमध्ये मागे ३.५५ आणि पुढे ३.५४ असा किरकोळ फरक कंपनीनेच ठेवलेला असे, तो चालतो. मागे ४.५६ आणि पुढे ३.७३ ठेवून ‘फोर बाय फोर लागतेच कुठे’ असे म्हणणे म्हणजे ट्रान्सफर केस मोडण्याची वाट पाहणे आहे, कारण एखाद्या दिवशी कोणीतरी ते बटण दाबतोच. म्हणून खर्चाचा अंदाज घेताना दोन क्राऊन-पिनियन, दोन्हीकडची बेअरिंग, सील, तेल आणि दुप्पट मजुरी धरावी. काही एक्सलमध्ये पिनियन लहान झाल्यावर क्राऊन ज्याच्यावर बसतो तो कॅरिअरही बदलावा लागतो: डाना कंपनीच्या डाना ४४ एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून दुसरा, डाना ६० मध्ये ४.१० पर्यंत एक आणि ४.५६ पासून दुसरा. डिफरेन्शियल लॉकर (एक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे साधन) कधीतरी बसवायचाच असेल तर त्याची वेळ हीच आहे, कारण कॅरिअर बाहेर आलेलाच असतो आणि तीच मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही.

काम बारकाईचे आहे. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवायची, बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) मोजायचा, क्राऊन आणि पिनियनमधली मोकळीक डायल गेजने पाहायची (अनेक एक्सलमध्ये ती ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असते) आणि दातांना रंग लावून ठसा तपासायचा. ठसा दाताच्या टोकाकडे सरकलेला राहिला तर गाडी ठरावीक वेगाला कण्हू लागते, आणि तो आवाज सहसा आपोआप जात नाही. काम देण्यापूर्वी ‘ठशाचा फोटो द्याल का’ एवढे विचारावे. उत्तर टाळणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

ज्यांना हा व्याप नको, त्यांनी हव्या त्या रेशोचे अखंड एक्सल दुसऱ्या गाडीतून काढून बसवण्याचा विचार करावा. कारखान्यातली जुळणी न उघडता मिळते, हा त्याचा मोठा गुण. पण पुढचे आणि मागचे अशी जोडी, तीच रुंदी आणि तेच ब्रेक मिळणे नशिबाचे काम आहे, आणि आतली झीज बाहेरून दिसत नाही. ब्रेकचा विषय निघालाच आहे तर हेही ध्यानात घ्यावे की मोठ्या टायरने लांबलेले थांबण्याचे अंतर कोणत्याही रेशोने कमी होत नाही. बजेट एकाच कामापुरते असेल आणि गाडी भरून चालत असेल, तर माझ्या लेखी ब्रेक आधी येतात.

नव्या जोडीवर पहिल्या दिवशी १५-२० मिनिटे सौम्य चालवून एक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा, पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर जोडू नये आणि त्यानंतर तेल बदलावे. पुढे ३७ इंचांवर जाण्याचा मनसुबा असेल तर तो आत्ताच सांगून टाकावा: ३७ इंचांवर ४.८८ लावल्यास इंजिनाचे फेरे जवळपास ३५ इंचांवरच्या ४.५६ इतकेच, म्हणजे १९३० च्या आसपास पडतात, आणि तेच एक्सल दोनदा उघडण्याची पाळी येत नाही.