रीफ टँकमधलं नायट्रेट: केटो की व्हिनेगर?

पुण्यात फ्लॅटमध्ये रीफ टँक (पोवळ्यांची खाऱ्या पाण्याची टाकी) ठेवणाऱ्याला नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की दोन सल्ले हमखास मिळतात: सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या वेगळ्या टाकीत) केटो हे धाग्यांसारखं शैवाल वाढवा, नाहीतर रोज थोडं पांढरं व्हिनेगर घाला.

केटोचं काम सरळ आहे. प्रकाश मिळाला की ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून वाढतं. वाढलेला गुंता मुठीने उपटून फेकला की ती पोषकद्रव्यं टँकबाहेर गेली. फेकला नाही, तर काही साधत नाही. त्याचा दिवा रात्री, मुख्य दिवे बंद असताना लावावा. पीएचची रात्रीची घसरणही कमी होते. अडचण जागेची.

व्हिनेगरला जागा लागत नाही, खर्चही किरकोळ. त्यातल्या कार्बनवर जिवाणू वाढतात, नायट्रेट आणि थोडं फॉस्फेट वापरतात, आणि स्किमर (पाण्यात बुडबुडे सोडून घाण वेगळी करणारं यंत्र) त्यांना फेसासोबत बाहेर काढतो. म्हणजे दमदार स्किमर नसेल तर हा मार्ग सोडाच. शिवाय हे जिवाणू ऑक्सिजन खातात. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकतो, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो, त्यात दुपारी वीज गेली की मासे वर येऊन धापा टाकू लागतात. डोस एकदम वाढवला तर पाणी दुधाळ होतं, ते वेगळंच.

माझा कौल केटोला, निदान उन्हाळ्यात तरी. एकटं फॉस्फेटच चढलं असेल तर मात्र दोन्हींपेक्षा जीएफओ (फॉस्फेट धरून ठेवणारे लोहयुक्त दाणे) बरा. आणि आकडे शून्यावर आणायचा हट्ट नको. पोवळी उपाशी राहतात, वर डायनोफ्लॅजेलेट्सना (टँकमध्ये तपकिरी चिकट थर धरणाऱ्या सूक्ष्मजीवांना) रान मोकळं मिळतं.