योकाईंची जुनी चित्रपुस्तकं: आधी कोणतं घ्यावं?

योकाई म्हणजे जपानी लोककथांमधली भुतं आणि चित्रविचित्र जीव. त्यांची जुनी चित्रपुस्तकं जमवायची ठरवली की तीन नावं हमखास समोर येतात: चित्रकार तोरियामा सेकिएनचे १७७६ ते १७८४ या काळातले चार संच, १८४१चं ‘एहोन हयाकु मोनोगातारी’ आणि सातो आरिफुमी यांचं १९७२मधलं मुलांसाठीचं ‘निहोन योकाई झुकान’. एकच घ्यायचं असेल, तर माझं मत सेकिएनला.

आज कॉमिक्समध्ये आणि गेम्समध्ये दिसणाऱ्या कितीतरी योकाईंचं रूप त्याच्या लाकडी ठशांवरून आलेलं आहे. पहिल्या संचात बहुतेक पानांवर फक्त नाव आणि चित्र असतं. नुरारिह्योनचंच पान घ्या. लांबट, फुगीर डोक्याचा एक म्हातारा पालखीतून उतरून घरात शिरतोय, बस्स. तो सगळ्या योकाईंचा सरदार, ही समजूत विसाव्या शतकातली. सेकिएनच्या पानावर तसं एक अक्षरही नाही. जुन्या पानापाशी जाऊन हे स्वतः पाहता येणं, यासाठीच हे पुस्तक हवं. अर्थात सेकिएनचं सगळंच लोककथेतलं नाही. १७८४च्या शेवटच्या संचात जुन्या वाद्यांना, भांड्याकुंड्यांना जीव फुटलाय आणि त्यातले बरेचसे जीव त्यानं स्वतःच रचलेत. चारही संच २०१६पासून इंग्रजीत एकाच खंडात मिळतात, त्यामुळे भाषेचीही अडचण नाही.

‘एहोन’ची मजा वेगळी. सेकिएन काळ्या शाईत, तर हे रंगीत. चित्रं ताकेहारा शुनसेनची आणि प्रत्येक चित्रासोबत तोसानजिनचा मजकूर. यातला आकाएई हा माझा सगळ्यात लाडका जीव. हा एक अजस्र पाकट मासा, अंगानं तीन रींहून मोठा, म्हणजे बारा किलोमीटरच्या आसपास. पाठीवर साचलेली वाळू झटकायला तो समुद्रावर येतो. खलाशांना वाटतं बेट आहे. ते होडी लावायला जातात आणि मासा बुडी मारतो. आझुकीआराई, म्हणजे ओढ्याकाठी लाल चवळीसारखे दाणे धुणारा योकाई, इथे एका खून झालेल्या तरुण भिक्षूची गोष्ट होऊन येतो. मापातले दाणे न मोजता अचूक सांगणारा मुलगा होता तो. नाव आणि चित्रावर भागत नसेल, तुम्हाला गोष्टच हवी असेल, आणि जपानी वाचता येत असेल, तर सेकिएनच्याही आधी हे घ्या.

सातोंचं पुस्तक घ्यावं ते चित्रांसाठी. त्यात इशिहारा गोजिन यांच्यासारख्या चित्रकाराचं काम आहे; मुलांच्या पुस्तकात इतकी थेट, अंगावर येणारी भीती क्वचितच दिसते. पण लोककथेचा पुरावा म्हणून या काळातल्या पुस्तकांवर विसंबू नका. गाशादोकुरो हा महाकाय सांगाडा पुरातन वाटतो, पण तो १९६०-७०च्या दशकांतल्या मुलांच्या पुस्तकांतूनच रुजला. चित्रकार कुनियोशीचं १८४०च्या दशकातलं प्रसिद्ध सांगाड्याचं चित्र त्याच्याशी मागाहून जोडलं गेलं. मजकूर जपानीत आहे, पण चित्रांसाठी घेणाऱ्याचं त्यावाचून फारसं अडत नाही. पुनर्मुद्रित प्रत मिळाली तर तीच घ्या. पहिल्या आवृत्तीसाठी जास्त पैसे मोजण्याइतका फरक वाचकाला पडत नाही.