डोळ्यांदेखत पॉलिश पेपर मारला आणि मी चहा पीत बसलो

लिहायची लाज वाटतेय, पण उसाचा हंगाम तोंडावर आलाय, आपल्या भागातले कितीतरी ट्रॅक्टर आता इंजिन कामाला जाणार, म्हणून लिहितोय. 40,150 रुपये गेले माझे. परत काम करून घ्यायला 47,300 वेगळे.

मी खानापूर तालुक्यातला, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, ऊस ओढतो. गेल्या साली निळा धूर सोडायला लागला, ऑइल प्यायला लागला, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडायच्या नळीतून, भकाभक हवा. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे वरचा दाब खाली गळतोय, पिस्टनवरच्या रिंगा गेल्या, एवढं मलाही कळतं. इतक्या लवकर का गेल्या हे मात्र मी विचारलं नाही आणि बेळगावच्या त्या मेस्त्रीनंही बघितलं नाही. "काका, ब्लॉक किटच टाकूया, दहा वर्षं बघायला नको." ब्लॉक किट (पिस्टन, रिंगा आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) 19,500, हेड काम 6,200, ऑइल-फिल्टर-गॅस्केट 5,450, मजुरी 9,000. कच्चं बिल. जीएसटी वाचतंय म्हणून मीच हो म्हटलं, आता काय बोंबलणार.

आता ऐका मी कुठं शेण खाल्लं ते. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो तर पोरगा बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून लायनर आतनं घासतोय, गरागरा, आणि त्याच कळकट बनियनच्या चिंधीनं पुसतोय. बिलात नवीन लायनर आणि हा घासतोय कुठला? डोक्यात आलं होतं हो. तेवढ्यात मेस्त्रीनं चहा पुढं केला, गावातल्या चार पावण्यांची नावं घेतली, आणि मला वाटलं आपण कुठं इंजिनातले जाणकार, उगाच तोंड वाईट कशाला करा. जुने लायनर-रिंगा मागितल्या तर म्हणे भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. तेही ऐकून घेतलं.

दोन महिन्यांत परत निळा धूर. फोन केला तर म्हणतो, "तुमच्या शेतातल्या धुळीनं गेलं."

दुसऱ्या मेस्त्रीनं माझ्यासमोर खोललं. लायनर जुनेच! रिंगा नव्या पण डुप्लिकेट, लायनरमध्ये घालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला तर रिंगेच्या दोन टोकांमधली फट दीड मिमीच्या वर, एवढ्या बोरला, म्हणजे लायनरच्या आतल्या व्यासाला, साधारण 0.3 ते 0.5 पाहिजे. वरची रिंग धुळीनं जास्त खाल्ली जाते, कारण धूळ हवेबरोबर वरनं येते. माझ्या तर खालच्या ऑइल रिंगेच्या कडासुद्धा गुळगुळीत, म्हणजे कचरा ऑइलमधून फिरलेला, त्या पॉलिश पेपरची पूड. घासल्यावर बोर गरम साबणाच्या पाण्यानं धुवून पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पुसायचं असतं म्हणे. आणि मूळ दुखणं? एअर क्लिनरकडनं येणाऱ्या रबरी नळीला चीर आणि क्लिप ढिली, आतनं आपली तांबडी माती मेंदीसारखी लागलेली. एअर क्लिनरचं ऑइल मी वेळेवर बदलतो, पण नळी काढून कोण बघतंय! क्लिप 60 रुपयांची.

पोलीस ठाण्यात गेलो. मराठीत अर्ज दिला तर कन्नडात आणा, बाहेर 150 देऊन टाइप करून आणला तर साहेब बंदोबस्तात, तिसऱ्या खेपेला "हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा". हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? तीन खेपा, तीन दिवसांची मजुरी, आणि वर मलाच विचारतात पक्कं बिल का नाही घेतलं. चोर तिकडं गॅरेज उघडून बसलाय आणि जाब मला!

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं, पण कागद पाहिजे. पक्कं बिल घ्या. किटचा बॉक्स तुमच्यासमोर फोडायला लावा. जुना माल पोत्यात भरून घरी आणा, भंगारात विकायचा तर तुम्ही विका. आणि रिंगा का गेल्या ते सांगितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ते लायनर मी गोठ्यात बांधून ठेवलेत, अर्ज या आठवड्यात टाकणार. घरात अजून 40,150 एवढंच माहीत आहे, ओळखीचं कोण वाचत असेल तर 47,300 चं बोलू नका.